मोबाईलवर फोटो एडिटिंग: कापसाच्या वावरापासून झाडीपट्टीच्या मंचापर्यंत

संत्राबाग (वरूड):
नमस्कार मंडळी. तीन-चार जीबी रॅमच्या साध्या अँड्रॉइड फोनवर फोटो एडिट करायला शिकणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत, पण त्यातला फोटो बहुधा कोवळ्या उन्हातला किंवा खोलीत लाइट लावून काढलेला असतो. आपल्याकडे मार्चपासूनच दुपारचं ऊन डोक्यावर, जमीन काळी, कापूस पांढरा आणि टोपीखाली चेहरा अंधारात. त्या व्हिडिओतले आकडे इथे जसेच्या तसे लावले की फोटो बिघडतो.

सुरुवात स्नॅपसीडनेच करावी हे माझं ठाम मत आहे. ॲप गूगलचं आहे, फुकट आहे, मध्येच जाहिरात येत नाही, खातं उघडावं लागत नाही आणि नेट नसतानाही चालतं. धारणी-चिखलदऱ्याकडच्या मुलांना हे शेवटचं फार कामाचं.

फोटो उघडला की आधी क्रॉप करा आणि फोटो सरळ करा. वरचं निम्मं आकाश कापूनच टाकणार असाल, तर त्याच्याकडे बघून उजेड ठरवण्यात अर्थ नाही. मग व्हाइट बॅलन्स (फोटोवरची पिवळी-निळी झाक काढणं), मग 'ट्यून इमेज' (उजेड आणि रंगाचे स्लायडर), मग हवा तेवढाच भाग सुधारणं, आणि 'डिटेल्स' (फोटोला धार लावणं) अगदी शेवटी. डिटेल्स आधी दिलं आणि नंतर उजेड वाढवला, तर धार लावलेले सगळे कण वर येतात.

ट्यून इमेजमध्ये बोट वर-खाली सरकवलं की यादी येते, आडवं सरकवलं की आकडा बदलतो. दुपारच्या फोटोला हायलाइट्स (उजळ भाग) −३०, शॅडोज (अंधारे भाग) +२५, कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधारातला फरक) +५ इथून सुरू करा. सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) शून्यावरच ठेवा. रंग फिके वाटतात ते बहुतेक वेळा उजेड जास्त झाल्यामुळे. हायलाइट्स खाली आणले की अर्धे रंग आपोआप परत दिसतात.

पळसफूल:
चांगला धागा, संत्राबागभाऊ. पण एडिटच्या आधीचं एक सांगायलाच हवं. फोटोत जे पांढरं फट्ट झालं, ते कुठलंच ॲप परत आणू शकत नाही. जेपीजी फाईलमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. फुटलेल्या बोंडावर तिन्ही रंग २५५ ला पोचले की त्या जागी माहितीच उरत नाही. हायलाइट्स −१०० केले तर पांढऱ्याचं राखाडी होईल, कापसाचे धागे दिसणार नाहीत. अंधारातून मात्र बरंच काही परत मिळतं, थोडे कण येतात एवढंच.

म्हणून वेचणीचे फोटो काढताना बोंडावर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड लॉक होतो आणि बाजूला सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते. ती खाली ओढा, बोंडाच्या पाकळ्यांमधल्या फटी दिसेपर्यंत. फोटो काळपट वाटेल, वाटू द्या.

ब्युटी मोड बंद. फोनचे स्वतःचे फिल्टर बंद. लेन्स सुती कपड्याने पुसून घ्या, कारण तेलकट बोट लागलेल्या लेन्समुळे उन्हात सगळ्या फोटोवर पांढुरकी झाक येते आणि मग लोक ती कॉन्ट्रास्ट वाढवून काढायला बघतात.

वणीकर:
प्रश्न आहे. कापूस वेचणाऱ्या बायांचा फोटो आहे, डोक्यावर दुपट्टा, चेहरे अंधारात. शॅडोज +१०० केलं तर चेहरा राखडीसारखा दिसतो आणि कणकण येतात. काऊन होत असंन असं?

संत्राबाग (वरूड):
वणीकरभाऊ, शॅडोज हा स्लायडर साऱ्या फोटोतला अंधार उचलतो. चेहऱ्यासोबत काळी जमीन, पऱ्हाटीखालची सावली, सगळंच वर येतं. काळं म्हणून काही उरत नाही, त्यामुळे फोटो धुरकट होतो. आणि कॅमेऱ्याला त्या अंधाऱ्या भागात मुळात उजेड कमी मिळालेला असतो, त्यामुळे तिथले कणही सोबत मोठे होतात.

असं करून बघा. शॅडोज +३० वर थांबवा आणि 'सिलेक्टिव्ह' उघडा. चेहऱ्यावर गालाच्या जागी एक टिचकी मारली की बिंदू बसतो. दोन बोटांनी चिमटीसारखं आत-बाहेर केलं की त्याचा घेर बदलतो आणि ज्या भागावर परिणाम होणार तो लाल दिसतो. लाल रंग चेहऱ्यापुरता राहील एवढाच घेर ठेवा. मग ब्राइटनेस +२०, स्ट्रक्चर (बारीक पोत) −१०. दुपट्टा पांढरा असेल तर तोही उजळतो. तेव्हा दुपट्ट्यावर दुसरा बिंदू ठेवा आणि त्याचे सगळे आकडे शून्यच राहू द्या. तो बिंदू राखणीचं काम करतो, पहिल्याचा परिणाम तिथे रोखतो.

चेहरा उजळायचा म्हणजे गोरा करायचा नाही, हे इथेच सांगून ठेवतो. उन्हात काम करणाऱ्या माणसाचा सावळा रंग फोटोत सावळाच दिसला पाहिजे. डोळे आणि ओठांची कड स्पष्ट दिसली की थांबायचं. 'पोर्ट्रेट' मधलं स्किन स्मूदिंग सुरकुत्या पुसून टाकतं. म्हाताऱ्या माणसाच्या फोटोत तर ते चुकूनही वापरू नये.

वैनगंगा:
संत्राबागभाऊंनी ट्यून इमेजमधल्या ॲम्बियन्सबद्दल लिहिलं नाही, ते जोडते. तो स्लायडर अधिककडे नेला की अंधार उचलला जातो, उजेड दबतो आणि रंगही चढतात, म्हणून नवशिक्यांना आवडतो. +१५ पर्यंत ठीक. +५० झाला की चेहऱ्याच्या कडेला पांढरी रेघ दिसू लागते. 'एचडीआर स्केप' ने ती आणखी ठळक होते. झाडाच्या शेंड्याभोवती किंवा बैलाच्या शिंगाभोवती आकाश उजळलेलं दिसलं की समजा, जास्त झालंय.

मोर्शीवाला:
ॲडोबीचं लाइटरूम ॲप काऊन नाही सांगत कोणी? कलर मिक्स तर त्यातच आहे.

पळसफूल:
रंगाच्या कामाला लाइटरूमच हवं, हे खरं आहे. फुकट आवृत्तीत कलर मिक्स मिळतं. मास्किंग (हवा तेवढाच भाग निवडणं) आणि हीलिंगला (डाग पुसणं) मात्र पैसे लागतात. म्हणून रंग लाइटरूममध्ये आणि उरलेलं स्नॅपसीडमध्ये, अशी वाटणी कामाची.

कलर मिक्समध्ये प्रत्येक रंगाला तीन स्लायडर असतात: ह्यू म्हणजे रंगाची छटा, सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा, ल्युमिनन्स म्हणजे त्या रंगाचा उजळपणा. संत्र्याच्या बागेचा फोटो घेऊ. पानं पिवळट दिसत असतील तर यलोचा ह्यू उजवीकडे न्या, पिवळं हिरव्याकडे सरकतं. +१५ ते +२५ पुरे. त्याहून पुढे गेलं की पानं प्लास्टिकसारखी दिसतात. फळ उठून दिसावं म्हणून ऑरेंजचं सॅच्युरेशन वाढवू नका. ग्रीनचं ल्युमिनन्स −१५ करा. पानं गडद झाली की फळ आपोआप पुढे येतं.

यात एक अडचण आहे. माणसाच्या कातडीचा रंग ॲपच्या हिशेबात ऑरेंजमध्येच येतो. फळासाठी ऑरेंज ओढलं की तोडणाऱ्या माणसाचा चेहराही तापल्यासारखा दिसतो. फोटोत माणूस असेल तर ऑरेंजला हात लावू नये.

आणि फाल्गुनातला पळस. तो फोनच्या कॅमेऱ्याला सगळ्यात अवघड. फूल इतकं भडक असतं की लाल रंग २५५ ला टेकतो, हिरवा आणि निळा खालीच राहतात. एकंदर उजेड बरोबर दिसतो, पण पाकळीतल्या शिरा गायब आणि सगळं फूल एका रंगाचा डाग. काढतानाच उजेड −०.७ ते −१ करा. एडिटमध्ये ऑरेंज आणि रेडचं सॅच्युरेशन −१५, ल्युमिनन्स −१०. पळसाच्या फोटोत रंग कमी केला की फूल जास्त खरं दिसतं.

वैनगंगा:
आता खऱ्या किल्लीकडे येते. स्नॅपसीड वापरणाऱ्या निम्म्या लोकांनी हे बटण कधी दाबलेलंच नसतं. वरच्या बाजूला थरांचं चिन्ह असतं, त्यात 'व्ह्यू एडिट्स'. आवृत्तीप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे असेल. केलेली प्रत्येक पायरी तिथे यादीत दिसते. कुठल्याही पायरीवर टिचकी मारा, तीन पर्याय येतात, त्यातला मधला ब्रश. आता ती पायरी फक्त जिथे बोट फिरवाल तिथेच लागेल.

पोळ्याच्या फोटोवर करून बघा. सजवलेला बैल रंगीत आणि मागची गर्दी काळी-पांढरी करायची आहे:

'ब्लॅक अँड व्हाइट' लावा आणि बरोबरची खूण करा.
व्ह्यू एडिट्स उघडून त्या पायरीचा ब्रश घ्या.
खाली उलट करायचं चिन्ह आहे ते दाबा, म्हणजे सगळ्या फोटोवर परिणाम भरला जातो.
खालचा आकडा ० वर आणा आणि बैलावरून बोट फिरवा. जिथे फिरवाल तिथे रंग परत येतो.
शिंगं, झूल, कवड्या आणि गोंडे यांच्यासाठी झूम करा. ब्रशचा आकार वेगळा बदलता येत नाही. झूम जितका जास्त, तितका ब्रश बारीक.
कडेला आकडा २५ किंवा ५० घेऊन एक हात फिरवा, म्हणजे कापून चिकटवल्यासारखं दिसत नाही.

डोळ्याचं चिन्ह दाबलं की मास्क लाल रंगात दिसतो. लाल दाखवणं सुरू ठेवूनच काम करा, सुटलेले ठिपके लगेच कळतात.

एवढं जमलं की बाकी सगळं याच तत्त्वावर. आकाशाला 'ड्रामा' द्यायचा, पण माणसांना नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्याला स्ट्रक्चर द्यायचं, पण काठच्या चेहऱ्यांना नाही. धानाच्या बांध्यांमध्ये हिरवा वाढवायचा, पण रोवणी करणाऱ्यांच्या लुगड्यांचे रंग तसेच ठेवायचे. फिल्टर साऱ्या फोटोवर ओतणारा आणि हव्या त्या जागीच लावणारा, या दोघांच्या कामातला फरक इथेच दिसतो.

वडसाकर:
वैनगंगाताई, लय कामाचं सांगितलं जी. आमच्याकडे पूर्व विदर्भात दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम असते. मंचाचे फोटो आणि जाहिरातीचं पोस्टर, दोन्ही फोनवरच करतात पोरं. लाल-निळ्या एलईडीत चेहरे नुसते रंगाचे गोळे होतात. त्यावर काही?

वैनगंगा:
आधी फोटो काढण्याबद्दल, कारण नंतर करण्यासारखं थोडंच उरतं. नाईट मोड वापरू नका. त्यात फोन एक-दोन सेकंद उजेड गोळा करतो आणि तेवढ्यात नट हललेला असतो. साधा मोड ठेवा, चेहऱ्यावर बोट दाबून लॉक करा आणि उजेड कमी करा. फोटोत आडवे पट्टे येत असतील तर ते दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. प्रो मोडमध्ये शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर बहुतेक पट्टे जातात. डिमर लावलेल्या एलईडीचे पट्टे मात्र असे जातीलच असं नाही.

लाल उजेडातला चेहरा रंगीत वाचवायचा हट्ट सोडा. काळा-पांढरा करा. स्नॅपसीडच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगीत काचांचे पर्याय असतात. लाल काच लावली तर चेहरा पांढरा फट्ट होईल, कारण लाल रंग आधीच भरून वाहतोय. हिरवी लावून बघा. हिरव्यात उजेड कमी असतो, पण नाक-डोळ्यांचा आकार बहुतेक वेळा तिथेच शिल्लक असतो.

पोस्टरसाठी 'डबल एक्सपोजर'. पहिला फोटो मुख्य नटाचा, काळ्या पडद्यासमोर काढलेला. मग डबल एक्सपोजरमध्ये दुसरा फोटो उघडा, दोन बोटांनी लहान-मोठा करून जागेवर बसवा आणि मोड निवडा. 'लाइटन' प्रत्येक ठिकाणी दोन्ही फोटोंतलं जे उजळ ते ठेवतो, म्हणून काळा पडदा नाहीसा होतो. 'डार्कन' उलट, जे गडद ते ठेवतो. त्यामुळे पांढऱ्या आकाशावरची सागाची, मोहाची झाडं चेहऱ्यात उतरवता येतात. पारदर्शकतेची पट्टी मधोमध ठेवून सुरू करा. मग व्ह्यू एडिट्समध्ये जाऊन डोळे आणि तोंडावरून दुसरा फोटो पुसा. चेहऱ्यावर फांदी आली की प्रेक्षक नट ओळखत नाही, आणि पोस्टर तर त्यासाठीच असतं.

संत्राबाग (वरूड):
पोस्टर म्हटलं की मराठी अक्षरांचा प्रश्न. स्नॅपसीडमध्ये देवनागरीसाठी अक्षरांचे प्रकार नाहीतच म्हणा. पिक्सेललॅब घ्या. त्यात बाहेरून आणलेला फॉन्ट जोडता येतो. टीटीएफ फाईल फोनच्या एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि फॉन्टच्या यादीत 'माय फॉन्ट्स' मधून तो फोल्डर दाखवायचा.

'मुक्त', 'बलू', 'मोदक', 'खंड', 'कलम' हे युनिकोड फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि छापायलाही वापरता येतात. मजकूर जास्त असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' बघा. त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात.

इथे तीन गोष्टी बिघडतात. झेरॉक्सवाल्याकडून आणलेला कृतिदेव किंवा जुना श्रीलिपी फॉन्ट लावला की भलतीच अक्षरं येतात. ते फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे आहेत आणि आपला कीबोर्ड युनिकोड लिहितो, त्यामुळे तो फॉन्ट टाकून देणं हाच उपाय. दुसरं, अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. इंग्रजी अक्षरांना चालतं म्हणून देवनागरीला करू नये, अंतर शून्यच ठेवा. तिसरं, जाड रेघेची किनार दिली की 'र्‍या', 'ष्ट्र', 'द्ध' यांच्या पोकळ्या भरून जातात. किनार पातळ ठेवून मागे थोडी सावली द्या, लांबून वाचता येतं. दोन ओळी जवळ आणल्या तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात, तेही बघा.

मोर्शीवाला:
फ्लेक्स छापून आला की चौकोन-चौकोन दिसतात. फोनवर तर एकदम मस्त दिसते.

पळसफूल:
हिशेब करून बघा. सहा फूट रुंद फ्लेक्स म्हणजे ७२ इंच. १२ मेगापिक्सेलच्या मूळ फोटोची रुंदी ४००० पिक्सेल, म्हणजे इंचाला सुमारे ५५. रस्त्याच्या पलीकडून बघायच्या फ्लेक्सला हे चालतं. तोच फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते, म्हणजे इंचाला २२. चौकोन दिसणारच. फ्लेक्सवाल्याला फोटो नेहमी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर द्या. कुणाकडून फोटो मागवतानाही हेच सांगा. एकदा दबलेली फाईल नंतर मोठी करून काही मिळत नाही. हातात धरायच्या ४ बाय ६ इंची फोटोला मात्र इंचाला ३०० धरतात, म्हणजे १२०० बाय १८०० पिक्सेल.

रंगाचंही सांगतो. पडदा स्वतः उजळतो, कापड उजळत नाही. भडक निळा आणि पोपटी हिरवा छापल्यावर मळकट होतात. छापायच्या फाईलचा उजेड फोनवर वाटतो त्यापेक्षा थोडा जास्त ठेवा.

वणीकर:
फोनच्या पडद्यावर भरोसा ठेवायचा की नाही मग?

पळसफूल:
ठेवायचा, पण पडदा नीट लावून. वावरात उन्हात बसून एडिट केलं तर पडदा पूर्ण उजेडावर असतो आणि तरीही अंधुक वाटतो. मग माणूस फोटो उजळत जातो आणि घरी तोच फोटो पांढरट दिसतो. सावलीत बसा. ऑटो ब्राइटनेस बंद, उजेड मधोमध. डोळ्यांसाठीचा पिवळा मोड बंद, नाहीतर सगळ्या फोटोंना निळी झाक देऊन बसाल. सेटिंगमध्ये पडद्याचा रंग 'व्हिव्हिड' असेल तर 'नॅचरल' करा.

वैनगंगा:
दोन सूचना, दोन्ही गंभीर आहेत.

पैसे वाचवायला 'मॉड' केलेलं लाइटरूम किंवा पिक्सआर्ट टेलिग्रामवरून घेऊ नका. प्ले स्टोअरबाहेरची ती एपीके फाईल कुणी बदलली आणि आत काय घातलं, ते कळायला मार्ग नाही. फोटोच्या ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली तर ते काढून टाका, कारण बँकेचे ओटीपी तिथेच येतात.

दुसरं, गारपीट, बोंडअळी, पुराचं पाणी, अशा नुकसानीचा फोटो पुरावा म्हणून द्यायचा असेल तर त्याला काहीही करू नका, क्रॉपसुद्धा नाही. मूळ फाईलमध्ये तारीख, वेळ आणि लोकेशन सुरू असेल तर जागाही नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही नोंद निघून जाते, एडिट केलेल्या प्रतीवर शंका घेता येते. मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

वडसाकर:
शेवटचं विचारतो जी. पोरं रेडीमेड प्रीसेट लावतात आणि सारे फोटो काळपट-निळे होतात. प्रीसेट वापरूच नये काय?

संत्राबाग (वरूड):
वापरा, पण उघडून बघा. प्रीसेट म्हणजे कुणीतरी त्याच्या फोटोसाठी ठरवलेले आकडे. ढगाळ दिवसाच्या फोटोवर बनवलेला प्रीसेट आपल्या दुपारच्या फोटोला लावला की सावल्या आधीच काळ्या असताना आणखी काळ्या होतात. लाइटरूममध्ये प्रीसेट लावल्यावर आधी एक्सपोजर (एकूण उजेड) जुळवा, मग 'शॅडोज' आणि 'ब्लॅक्स' (सगळ्यात काळे भाग) वर आणा, मग टेंपरेचर (पिवळी-निळी झाक) बघा. तरीही चेहरा हिरवट किंवा निळा राहिला तर कलर ग्रेडिंगमध्ये (सावल्या आणि उजेडाला वेगवेगळा रंग देतात तिथे) शॅडोजला दिलेला रंग शून्य करा, बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. मंचाच्या फोटोंसाठी तर तुमच्याच एका चांगल्या फोटोवर आकडे ठरवा आणि तेच स्वतःचा प्रीसेट म्हणून सेव्ह करा. त्याच दिव्यांखालच्या पुढच्या प्रयोगांना तोच लागू पडेल.

वडसाकर:
हाओ. आजच पोरांना बसवतो. हिरव्या काचेचं आणि शटरचं जमलं की फोटो इथे टाकतो, सांगा मग काय कमी आहे ते.